शंभर टक्के समाधानाचा भंडारा

कंपनी काढायची तर आधी ध्येय लागतं, हे आकाराम ओलेकरला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर बिचाऱ्याचा समज असा, की लोकरीची कंपनी काढायला लोकर लागते.

लोकर त्याच्याकडं पोत्यांनी होती. कवठे महांकाळच्या पूर्वेला बाभूळटेक नावाची धनगरांची वस्ती आहे. तिथं माणसांपेक्षा मेंढरं जास्त आणि मेंढरांपेक्षा दगड जास्त. आकारामची एकशे चाळीस मेंढरं. गडी शाळेची पायरी चढला नाही, पण एकशे चाळीस तोंडं वेगवेगळी ओळखायचा, कुठल्या कोकराची आई कुठली हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचा. दिवाळी सरली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, आष्ट्याच्या रानात शेतकऱ्यांच्या मोकळ्या वावरात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि मिरगाच्या तोंडावर घरी परतायचं, असा त्याचा जन्म गेला. खुद्द जन्मसुद्धा असाच वाटेवर, कुणाच्या तरी हळदीच्या बांधावर झालेला. आधार कार्डावर तारीख एक जानेवारी आहे. वस्तीतल्या निम्म्या लोकांची तीच आहे, त्यामुळं त्या दिवशी बाभूळटेकचा सामुदायिक वाढदिवस असतो आणि तो कुणालाच आठवत नाही.

आता लोकरीला कुत्रं विचारत नाही. म्हणून तिची घोंगडी करायची, आणि घोंगड्याची सगळी गंमत पिंजण्यात आहे. लोकर कातरायची, धुवायची, त्यातली कुसळं वेचायची, आणि मग धनुकलीची तार छेडून छेडून ती कापसासारखी मोकळी करायची. हे काम पूर्वी जाफरभाई पिंजारी करायचे. त्यांच्या पोरानं सांगलीत गाद्यांचं दुकान टाकलं, जाफरभाई तिकडं गेले, जाताना धनुकली आकारामच्या ओसरीवर ठेवून गेले. ठेवली ओसरीवर, पण ती पडली तानुबाईच्या अंगावर. तानुबाई म्हणजे आकारामची बायको. गेली अकरा वर्षं वस्तीची लोकर तीच पिंजते. आता तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, वेणी घालायला शेजारीण लागते. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे काम बंद करा. डॉक्टरांना सांगायला काय जातं.

तर उपाय एकच होता, पिंजायचं यंत्र. आकारामचा पुतण्या सिद्धू तालुक्याला ऊठबस असलेला माणूस. त्यानं बातमी आणली, की एका योजनेत असं यंत्र मिळतं, बटण दाबलं की पोतंभर लोकर तासात पिंजून बाहेर. पण ते एकट्यादुकट्याला नाही, कंपनीलाच मिळतं. म्हणून बाभूळटेक मेंढपाळ उत्पादक कंपनी निघाली. दहा संचालक, नियमाप्रमाणं निम्म्या बायका. आकाराम अध्यक्ष, सिद्धू सचिव, तानुबाई संचालक. तिचा अंगठा घेतला, ती शाई लुगड्याला पुसत पुन्हा पिंजायला बसली.

एवढं झालं, कागद वर गेले आणि खाली आले. का, तर दृष्टी, ध्येय आणि उद्दिष्ट हे तीन रकाने कोरे होते.

आता हे तीन रकाने भरायला सांगलीहून राजवर्धन आला. विश्रामबागेत त्याचं ऑफिस. कार्डावर ‘बिझनेस कोच, वक्ता, विचारवंत’ असं छापलेलं. तिन्ही धंदे मंदीत असावेत, नाहीतर बाभूळटेकला कोण कडमडतो. माणूस वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोला. चाळिशीचा, गोरागोमटा, प्रत्येकाशी हात मिळवणारा. मेंढरू मध्ये आलं असतं तर त्याच्याशीही मिळवला असता.

कार्यशाळा बिरोबाच्या देवळात भरली. पडदा नव्हता, म्हणून आकारामचं धुतलेलं धोतर दोन खांबांना ताणून बांधलं. त्या धोतरावर राजवर्धननं एक बर्फाचा डोंगर दाखवला, एक धावणारा वाघ दाखवला आणि टाय लावलेली चार माणसं हात उंचावून हसताना दाखवली. ती का हसतात हे शेवटपर्यंत कळलं नाही.

“तात्या, साधं आहे,” तो आकारामला म्हणाला. “व्हिजन म्हणजे आपल्याला शेवटी कुठं पोचायचंय. मिशन म्हणजे रोज सकाळी कशासाठी उठायचं. आणि गोल म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत किती.”

आकारामनं मान हलवली. “कळलं. मिरगाला समद्यास्नी घेऊन घरला यायचं, ही व्हिजन. मेंढरू उपाशी ठेवायचं न्हाई, ही मिशन. आन आज दिस बुडायच्या आत पान्यापशी पोचायचं, ह्यो गोल.”

राजवर्धननं पुण्यात जाऊन नऊ महिन्यांचा कोर्स केला होता, तिथं इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. “वा तात्या, एक्झॅक्टली,” तो म्हणाला, आणि त्यातलं एक अक्षरही त्यानं लिहून घेतलं नाही. घेणार कसं? निवेदन तयार होतं. मागच्याच आठवड्यात एका चकलीच्या कारखान्यासाठी केलेलं, नुसतं नाव बदलायचं बाकी. एका ठिकाणी ‘कुरकुरीत व दर्जेदार उत्पादने’ तसंच राहिलं होतं, ते सिद्धूनं दाखवलं. राजवर्धननं ‘कुरकुरीत’ काढून ‘उबदार’ टाकलं. चकली आणि घोंगडं यांत फरक तरी कितीसा.

मग त्यानं धोतरावर ते झळकवलं आणि मोठ्यानं वाचलं. सन दोन हजार तीसपर्यंत जगातील अग्रगण्य लोकर उद्योग बनणे, ही दृष्टी. उबदार व दर्जेदार उत्पादनांद्वारे ग्राहकाचे शंभर टक्के समाधान, एकही ग्राहक असमाधानी राहणार नाही, हे ध्येय. आणि पहिल्या वर्षाच्या आत हे समाधान साध्य करणे, हे उद्दिष्ट.

“एक बी न्हाई?” आकारामनं विचारलं.

“एकही नाही, तात्या. विचार करायचा तर मोठा करायचा.”

“सांगलीत मानसं लय हायती.”

“असू देत की.”

आणि इथंच घोटाळा झाला. राजवर्धनची सवय अशी, की कार्यशाळा संपताना सगळ्यांना उभं करायचं, हात पुढं करायला लावायचा आणि निवेदन एका सुरात म्हणवून घ्यायचं. “शपथ घेतल्यासारखं म्हणायचं हं,” तो म्हणाला. चकलीवाल्यांनी तसंच म्हटलं होतं आणि वडापाव खाऊन घरी गेले होते. पण बाभूळटेकला शपथ घेतल्यासारखं असं काही नसतं. घेतली तर घेतली, नाहीतर नाही. आणि घ्यायची तर भंडारा उचलून. देवापुढच्या ताटातली हळद मुठीत घ्यायची, जे बोलायचं ते बोलायचं आणि ती कपाळाला लावायची. मग ते बोलणं माणसाचं राहत नाही, देवाकडं जमा होतं. फिरवता येत नाही.

आकाराम उठला, ताट घेऊन आला. बाकीच्या चार पुरुष संचालकांनी मुठी भरल्या. बायका संचालक त्या वेळी चुलीपाशी चहा करत होत्या, त्यांना कुणी बोलावलं नाही. पाच जणांनी पिवळ्याधमक मुठी पुढं करून शंभर टक्के समाधान म्हटलं. राजवर्धनला भरून आलं. त्यानं फोटो काढले आणि ‘परंपरा आणि व्यवस्थापन यांचा संगम’ असं लिहून फोनवर टाकले. लोकांनी अंगठे दाखवले.

चौघांनी कपाळ पुसलं आणि विषय सोडून दिला. आकारामला ते जमणं शक्य नव्हतं. त्याच्याकडं ना जमीन, ना शिक्षण, ना पुढाऱ्याची ओळख. एक भंडारा तेवढा होता. वीस वर्षांपूर्वी आष्ट्यात एका शेतकऱ्याची कोवळी हळद रात्रीतून कुठल्यातरी मेंढरानं खाल्ली. तिथं पाच कळप उतरले होते, बघितलं कुणीच नव्हतं. आकारामनं सकाळी आपल्या मेंढरांची तोंडं पाहिली, एकीच्या ओठाला हिरवा रस दिसला. तो आपणहून गेला, भंडारा उचलला आणि म्हणाला, माझं मेंढरू. त्या शेतकऱ्यानं भरपाई घेतली आणि त्या सालापासून दरवर्षी पहिला निरोप आकारामलाच धाडला. वस्तीत भावाभावांचं भांडण असो, बोकडावरून तंटा असो, आकारामनं भंडारा उचलून सांगितलं की विषय संपला. बाकी लोकांचं नाव बँकेत असतं, ह्याचं मुठीत होतं.

आणि आता त्या मुठीत चकलीवाल्याचं ध्येय होतं.

पहिल्या टप्प्यात सांगलीच्या एका प्रदर्शनात गाळा मिळाला. शहाऐंशी घोंगडी खपली. योजनेचा नियम असा, की वर्षाअखेरीला साहेब पाहणीला येणार, उद्दिष्ट गाठलं का विचारणार, गाठलं असेल तर दुसऱ्या टप्प्यात यंत्र. सिद्धूला वाटलं, आता काय, झालंच. आकारामला वाटलं, आता शहाऐंशी माणसांना विचारायला पाहिजे.

“तात्या, आसं कोन इचारत न्हाई,” सिद्धू म्हणाला.

“मग समाधान झालं का न्हाई हे कळायचं कसं?”

“ते राजवर्धन सर लिवत्यात.”

“त्येंनी घोंगडं घेतलंय का?”

सिद्धूनं प्रदर्शनाचं पावतीपुस्तक काढलं. बसून शहाऐंशी फोन लावले गड्यानं, आकाराम शेजारी मांडी घालून. पंच्याऐंशी जण म्हणाले, चांगलं आहे. त्यातले निम्मे ते कुठं ठेवलंय हेही विसरले होते, पण समाधानी होते. शहाऐंशीवा म्हणाला, “टोचतं. मी असमाधानी आहे.”

हा शहाऐंशीवा म्हणजे सयाजी पवार. बँकेतून निवृत्त, विश्रामबागेच्या मागं बंगला, दारात तुळस आणि ‘विक्रेत्यांनी बेल वाजवू नये’ अशी पाटी. आकाराम एसटीनं मिरजेला गेला, तिथून सिटी बसनं विश्रामबागेला, आणि बेल वाजवली. पाटी वाचता येत नव्हती, ते एक बरं.

“घोंगडं टोचतंच सायेब,” तो म्हणाला. “त्येनं रगत चालतं.”

“माझं चालतंय. ह्याच्याशिवाय.”

आकारामनं वाद घातला नाही. घोंगडं काखेत मारलं आणि परत आणलं. कोकराची पहिली कातरलेली लोकर असते, तिला जावळ म्हणतात, ती मऊ. सगळ्या वस्तीची जावळं गोळा केली, तानुबाईच्या पुढ्यात ओतली. मऊ लोकर हलक्या हातानं पिंजावी लागते, वेळ दुप्पट. सहा दिवस लागले. तानुबाई म्हणाली, “आवं, खांदा लय ठणकतोय.” आकाराम म्हणाला, “एवढं एक झालं की यंत्रच येतंय की.” बोलण्यात चूक काहीच नव्हती. कवठ्याच्या सनगराकडून ते विणून घेतलं आणि आकाराम पुन्हा सांगलीला.

सयाजीरावांनी अंगावर घेतलं. टोचत नव्हतं. त्यांनी नाक लावलं. “वास येतो,” म्हणाले. मेंढराच्या लोकरीला मेंढराचा वास यावा, ह्यात नवल ते काय, पण शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के. घोंगडं परत आलं, रिठ्याच्या पाण्यात तीनदा बुडलं. बुडवायला आणि पिळायला तानुबाई. तिसऱ्या खेपेला वास गेला, पण धुऊन ते आटलं. “पाय बाहेर राहतात.” परत. दुसरं, लांब, नव्या लोकरीचं. पिंजायला पुन्हा तीच. ह्या वेळी ती काही म्हणाली नाही, कडवट तोंड करून तार छेडत राहिली. आकारामला वाटलं, खांदा बरा दिसतोय.

चौथ्या खेपेला सयाजीराव सोफ्यावर पाय पसरून घोंगडं पांघरून बसले. वर पाहिलं, खाली पाहिलं. दोष निघेना. माणसाला दोष सापडला नाही की किती त्रास होतो, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“आता?” आकाराम म्हणाला.

“आता तक्रार काही नाही.”

“मग समाधान झालं म्हनायचं?”

“तसं नाही म्हणता येणार.”

त्यांच्या पत्नी सुलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, बेचाळीस वर्षं झाली मी प्रयत्न करतेय. तुम्ही तर चारदाच आलाय.”

सयाजीराव मात्र कधी नव्हे ते विचारात पडले. “तू हे का करतोस?” त्यांनी विचारलं. आकारामनं सगळं सांगितलं, धोतर, चकली, भंडारा. सयाजीराव खो खो हसले. ते पस्तीस वर्षं ज्या खुर्चीत बसले, तिच्या मागच्या भिंतीवर ‘ग्राहकांचे समाधान हाच आमचा धर्म’ अशी पाटी होती. तिच्याखाली बसून त्यांनी हजारो लोकांना सांगितलं होतं, की आज सर्व्हर बंद आहे, उद्या या. पस्तीस वर्षांत त्यांनी पाटी एकदाच नीट पाहिली, रंग द्यायला काढली तेव्हा.

“अरे बाबा, ते भिंतीसाठी असतं,” ते म्हणाले.

“आमी देवापुढं म्हनलो सायेब. भिंतीपुढं म्हनलो असतो तर गोष्ट निराळी.”

सयाजीरावांनी कागद ओढला. “थांब, मी लिहून देतो, मी पूर्ण समाधानी आहे. सही करतो. झालं?”

“पर तुमी हायसा का?”

सयाजीरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. ती त्यांची बहुधा पहिलीच वेळ. “नाही,” ते म्हणाले.

“मग नगो,” आकाराम म्हणाला, आणि चहा न पिता उठला. आयता एक कागद हातात मिळत होता, तो सोफ्यावर सोडून आला हा शहाणा. एसटीत बसल्यावर त्याला वाटलं, आपण बरोबर वागलो. छाती जरा भरून आली. घरी सांगितलं तेव्हा तानुबाईनं एवढंच विचारलं, “मग यंत्राचं?” तो म्हणाला, “बघू, साहेब भला असंल.”

साहेब खरंच भला होता. वाईट एवढंच, की घाईत होता. त्याच दिवशी त्याला आणखी तीन कंपन्या बघायच्या होत्या. देवळातच खुर्च्या टाकल्या. राजवर्धननं रंगीत अहवाल आणला होता, त्यात एक उभा खांब शंभरापर्यंत गेलेला. सगळी वस्ती जमली. ह्या वेळी तानुबाई पुढच्याच रांगेत बसली होती, कारण यंत्राचं चित्र अहवालाच्या शेवटच्या पानावर आहे असं तिला सिद्धूनं सांगितलं होतं.

साहेबानं पानं उलटली. “छान. दृष्टी छान, ध्येय छान. अध्यक्ष कोण? तात्या, सगळे ग्राहक समाधानी ना? इथं सही करा.”

“न्हाई,” आकाराम म्हणाला. “एक ऱ्हायलाय.”

राजवर्धन हसत हसत मध्ये पडला. “सर, तात्या फार नम्र आहेत. शहाऐंशीपैकी पंच्याऐंशी म्हणजे शंभरच धरायचं.”

“शहाऐंशीतलं पंच्याऐंशी म्हंजी पंच्याऐंशीच,” आकाराम म्हणाला. एकशे चाळीसमधलं एक कमी पडलं तर रात्रभर कंदील घेऊन हिंडणारा माणूस, त्याला हे कोण समजावणार.

साहेबानं पेन खाली ठेवलं. “तात्या, अहो, तुमचंच उद्दिष्ट आहे. शंभर तुम्हीच लिहिलंय. मी नाही लिहिलं. पंच्याण्णव लिहिलं असतं तर आज मी टिक करून गेलो असतो. आता ‘गाठले’ किंवा ‘नाही गाठले’, दोनच चौकोन आहेत. तुम्ही हो म्हणा, मी टिक करतो.”

सिद्धू कानाशी लागला. “तात्या, हो म्हना. एक शबुद हाय.” राजवर्धन दुसऱ्या कानाशी लागला. ते चारही पुरुष संचालक मागून म्हणाले, म्हना की, काय हुतंय. आकारामनं कुणाकडं पाहिलं नाही. उठला, ताटातली मूठभर हळद घेतली आणि राजवर्धनपुढं धरली.

“सर, तुमी लिवलंय. तुमी उचला आन हो म्हना. तुमचा शबुद मी मानतो.”

राजवर्धन काही देवभोळा नव्हता. कार्डावर विचारवंत होता. पण त्याचा हात पुढं झाला नाही. त्यानं घड्याळाकडं पाहिलं. मग आकारामनं मूठ साहेबापुढं धरली. साहेब खुर्ची सरकवून मागं झाला आणि म्हणाला, “माझ्या अधिकारात येत नाही.”

दुसऱ्या चौकोनात खूण झाली. यंत्र दुसऱ्या तालुक्यातल्या एका कंपनीला गेलं. तिच्या अहवालात म्हणे ग्राहक एकशे चार टक्के समाधानी होते.

पहिले आठ दिवस वस्ती आकारामशी बोलली नाही. मग बिरोबाची यात्रा आली, सिद्धूनं नाइलाजानं ती गोष्ट पाहुण्यांना सांगितली, आणि पाहुण्यांनी ती पुढं सांगितली. बघता बघता वारं फिरलं. लोक येऊन आकारामच्या पाया पडू लागले. आष्ट्याहून त्या हळदवाल्या शेतकऱ्याचा मुलगा पेढे घेऊन आला. ज्या चौघांनी ‘म्हना की’ म्हटलं होतं, ते आता सांगत होते, की आम्ही तर आधीच म्हणत होतो, आमचा तात्या मोडंल पण वाकनार न्हाई. आणि राजवर्धन? त्याला तर लॉटरीच लागली. सांगलीत एका हॉटेलच्या वातानुकूलित हॉलमध्ये त्यानं कार्यक्रम ठेवला, ‘शब्दाचे नेतृत्व’. त्यानं चाळीस मिनिटं सांगितलं, की प्रभावी ध्येय तेच, ज्यासाठी माणूस यंत्रावर पाणी सोडतो. आकारामला व्यासपीठावर बसवलं, शाल-श्रीफळ दिलं. शाल नायलॉनची होती. टाळ्या लोकांनी उभं राहून वाजवल्या. पुढच्या रांगेत सयाजीराव होते, त्यांनीही वाजवल्या, पण खुर्च्या अरुंद आहेत अशी तक्रार आयोजकांकडं नोंदवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकाराम घरी आला. खांद्यावर शाल, हातात नारळ. तानुबाई ओसरीवर पिंजत बसली होती. उजवा हात मांडीवर पडलेला, तार डाव्या हातानं छेडत होती. नवीन हात, त्यामुळं लोकर नीट मोकळी होत नव्हती, गोळे राहत होते.

“टाळ्या लय वाजल्या,” तो म्हणाला.

“वाजनारच.”

“पाचशे मानूस हुतं. समदी म्हनली, आकारामनं शबुद मोडला न्हाई.”

तिनं धनुकली खाली ठेवली. अंगावरचं लोकरीचं भुसकट झटकलं. रागानं नाही, रोज झटकते तसंच.

“त्या सांगलीच्या मानसाकडं तुमी चार डाव गेलासा,” ती म्हणाली. “टोचतं म्हनला, दुसरं दिलं. वास येतो म्हनला, धुऊन दिलं. आखूड हाय म्हनला, लांब दिलं. मी अकरा वर्सं म्हंतीया, खांदा ठणकतोय. मला कवा इचारलं, कशानं बरं वाटंल तुला?”

आकारामनं शाल सावरली. “पर तानू, देवापुढं उचलला हुता. खोटं कसं बोलू मी?”

“तुमी नगा बोलू. मला बोलू द्यायचं हुतं. मी बी संचालक हाय, माझा अंगठा हाय कागदावर. साहेबानं मला इचारलं असतं, तर मी म्हनली असती, व्हय, समदी समाधानी हायती. लबाड बोलली असती. मग देवानं मला काय करायचं ते केलं असतं. ह्या खांद्याहून वाईट काय करनार हुता?”

साहेबापुढं, राजवर्धनपुढं, पाचशे माणसांपुढं ज्याचा शब्द अडला नव्हता, तो तिथं नारळ धरून उभा राहिला. तानुबाईनं उत्तराची वाटही पाहिली नाही. तिनं धनुकली पुन्हा डाव्या हाताशी ओढली आणि राहिलेलं अर्धं पोतं पिंजायला घेतलं.